स्थळासाठीचा फोटो घरीच काढताय? मग चेहरा सगळ्यात शेवटी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या स्टुडिओत एक वाक्य रोज ऐकू येतं, “हा फोटो जरा नीट करून द्या ना.” समोर मोबाइल धरलेला असतो. फोटोत पैठणी नेसलेली मुलगी, मागे फ्रीज, डोक्यावर ट्यूबलाइट, डोळ्यांखाली काळं, नाक आहे त्याहून मोठं आणि चेहऱ्यावर ‘एकदाचं काढ’ असा भाव. गंमत म्हणजे मुलगी शेजारीच उभी असते आणि फोटोपेक्षा कितीतरी छान दिसत असते. मुलांचं तर विचारूच नका. त्यांचा फोटो बहुतेक वेळा मित्राच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला असतो आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात असतो.

असे फोटो नंतर नीट होत नाहीत. चूक चेहऱ्यात नसते, क्रमात असते. घरोघरी आधी पार्लर, मग साडी, मग दागिने, मग “हस की जरा”, आणि उजेड कुठून येतोय हे कुणी बघतच नाही. हा क्रम उलटा करा. आधी उजेड, मग अंतर, मग कपडे, मग अंग आणि शेवटी चेहरा. खालचं सगळं साध्या मोबाइलवर होतं आणि मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे.

## १. आठवडाभर आधी

फोटो रविवारी काढायचा असेल तर तयारी आदल्या सोमवारी सुरू करा.

किती आणि कोणते फोटो हवेत ते आधी ठरवा. तीन पुरतात: एक कमरेच्या वरचा, चेहरा स्वच्छ दिसणारा, एक पायापर्यंतचा, आणि एक रोजच्या कपड्यांतला. बरेच जण बायोडाटाला पासपोर्टचा फोटो लावून मोकळे होतात. तो फोटो माणूस ओळखता यावा म्हणून असतो, त्यात चेहरा निर्विकार ठेवावा लागतो. स्थळ बघणाऱ्याला तो निर्विकारपणा रागीट वाटतो.

केस कापायचे असतील तर पाच-सहा दिवस आधी कापा. पुरुषांच्या ताज्या कापलेल्या केसांखाली, कानाच्या वर, ऊन न लागलेल्या कातडीचा फिकट पट्टा दिसतो, तो मिटायला तेवढे दिवस लागतात. भुवया दोन दिवस आधी करा, म्हणजे थ्रेडिंगची लाली उतरलेली असते. फेशियल किंवा ब्लीच चार-पाच दिवस आधी, आणि आजवर कधी केलं नसेल तर या निमित्ताने सुरुवात नको. दाढी ठेवायची की काढायची हेही आत्ताच ठरवा. फोटोत दाढी आणि कांदेपोह्यांना गुळगुळीत गाल, असं झालं की समोरची मंडळी पहिली पाच मिनिटं गोंधळलेली असतात.

रोज चष्मा लावत असाल तर निदान एका फोटोत तो हवाच.

फोटो काढणारा एकच माणूस नक्की करा, आणि शक्यतो आई-वडिलांपैकी नको. त्यांचं लक्ष पदराकडे आणि हाराकडे असतं, शिवाय दर दोन मिनिटांनी त्यांना “नीट उभी राहा” म्हणावंसं वाटतं. बहीण, मैत्रीण, चुलतभाऊ, ज्याच्यासमोर तुम्ही मोकळेपणी हसता असं कुणीही चालेल. बाकीच्यांना त्या वेळी भाजी आणायला पाठवा.

## २. उजेड शोधा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. चेहरा चांगला-वाईट दिसण्यात मेकअपपेक्षा उजेडाचा वाटा मोठा असतो.

नियम एकच आहे. उजेड येतो ती जागा जितकी मोठी आणि चेहऱ्याच्या जितकी जवळ, तितकी सावली मऊ. बल्ब छोटा, म्हणून त्याची सावली कडक पडते. छतावरच्या दिव्याचा उजेड वरून येतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली काळं साचतं; चांगला झोपलेला माणूसही आजारी दिसतो. फ्लॅश तर लहानही आणि नेमका समोरूनही. तो चेहरा सपाट करतो आणि कपाळ चमकवतो. घरातली सगळ्यात मोठी आणि फुकटातली सोय म्हणजे खिडकी.

मूठ धरून बघा. फोटोच्या दोन-तीन दिवस आधी, ज्या वेळी काढणार त्याच वेळी, खिडकीजवळ जाऊन मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि जागेवरच गोल फिरा. बोटांच्या मधल्या सावल्या कुठे कडक होतात, कुठे विरघळतात ते बघा. जिथे मुठीची एक बाजू उजळ, दुसरी किंचित गडद, आणि मधली सावली अलगद उतरत गेलेली दिसेल, तिथे चेहराही तसाच दिसेल.

वेळ खिडकीच्या दिशेवर ठरते. पूर्वेच्या खिडकीत सकाळी थेट ऊन येतं, म्हणून ती दुपारी वापरा. पश्चिमेची सकाळी. उत्तरेची खिडकी वर्षातला बराच काळ दिवसभर चालते. खिडकीत आभाळ दिसायला हवं. समोर दहा फुटांवर दुसऱ्या बिल्डिंगची पिवळी भिंत असेल तर चेहराही पिवळा पडतो. थेट ऊन टाळताच येत नसेल तर खिडकीवर जुनं पांढरं धोतर किंवा पातळ पांढरी ओढणी ताणून बांधा. ग्रिलच्या सावल्याही त्यात विरतात. रंगीत पडदा मात्र बाजूला सरकवा.

मांडणी अशी:

१. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर स्टूल ठेवा.

२. खिडकी पाठीमागे नको, तोंड तिरकं खिडकीकडे हवं. सरळ समोर पाहिलं की खिडकी साधारण १० किंवा २ वाजण्याच्या दिशेला यावी.

३. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, फ्रेमच्या बाहेर, पांढरी चादर खुर्चीवर टाका. बंदी येण्याआधीच्या मखराचा थर्माकोल अजून माळ्यावर असेल तर त्याहून उत्तम. सावलीतला गाल त्याने उजळतो.

४. खोलीतले सगळे दिवे बंद करा. आभाळाचा उजेड निळसर असतो, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की एक गाल हळद लागल्यासारखा दिसतो आणि तो फरक नंतर नीट निघत नाही.

बाहेर काढायचा असेल तर सूर्यास्ताच्या आधीचा तास घ्या, किंवा इमारतीच्या सावलीत, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून उभे राहा. भर दुपार नको. मे महिन्यात आपल्याकडे गावोगावी शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो, आणि त्याच्या आगेमागे कित्येक दिवस दुपारचा फोटो म्हणजे डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. झाडाखालीही जपून. पानांतून पडणारे कवडसे डोळ्यांना सुंदर वाटतात, पण चेहऱ्यावर कोडासारखे दिसतात. जून ते सप्टेंबरमधला ढगाळ, पाऊस थांबलेला दिवस मिळाला तर सोडू नका; अख्खं आभाळच मोठी खिडकी झालेलं असतं.

तपासा: जवळून एक फोटो काढून डोळ्यांवर झूम करा. बुबुळात खिडकीचा लहानसा पांढरा चौकोन दिसला पाहिजे. नसेल तर चेहरा खिडकीकडे आणखी वळवा. त्या ठिपक्याशिवाय डोळे विझलेले दिसतात, मग वर कितीही काजळ घाला.

## ३. मागची भिंत

माणूस भिंतीपासून चार-पाच फूट पुढे हवा. भिंतीला टेकून उभं राहिलं की सावली मागे चिकटते आणि ओळख परेडचा फोटो वाटतो. भिंत गडद पोपटी किंवा गुलाबी असेल तर तिचा रंग गालावर उतरतो. लांब राहिलं की तोही प्रश्न सुटतो.

फ्रेममध्ये फ्रीज, स्विचबोर्ड, वाळत घातलेले टॉवेल, टीव्ही नको. डोक्याच्या मागून कॅलेंडरचा खिळा, दाराची चौकट किंवा कुंडीतलं रोप उगवलेलं नको. भिंत चांगली नसेल तर साधी एकरंगी चादर लावा, पण इस्त्री करून. घड्यांचे चौकोन लांबूनही दिसतात.

सावध: मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मोहात पाडतो. तो गजऱ्याच्या कळ्या, झुमक्याचं टोक, कुरळ्या बटा आणि चष्म्याची काडी अर्धी खातो. वापरायचाच असेल तर सोबत एक साधा फोटोही काढून ठेवा.

## ४. फोन आणि अंतर

आधी लेन्स पुसा, सुती कपड्याने. आमच्याकडे येणाऱ्या धुरकट फोटोंपैकी बऱ्याच फोटोंचा रोग एवढाच असतो. स्वयंपाकघरात वावरलेल्या फोनवर तेलाचा थर असतो.

मग सेटिंग. मागचा कॅमेरा, फ्लॅश बंद, ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा) चालू. ब्यूटी मोड बंद. कित्येक फोनमध्ये तो मुळातच चालू असतो आणि कातडी मेणासारखी करतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशनही बंद करा, त्याचं कारण शेवटच्या टप्प्यात येईल.

आता अंतर. फोन एक फुटावर धरला की नाकाचा शेंडा कानांच्या मानाने कॅमेऱ्याच्या फारच जवळ येतो. म्हणून नाक फुगतं, कान मागे पळतात, कपाळ निमुळतं होतं. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं: १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. पाच फुटांवर हा दोष जवळजवळ संपतो. नाकाचं ऑपरेशन मागायला येणाऱ्यांना समजावण्यासाठी केलेला हा हिशेब आहे, पण सेल्फी काढून स्थळाला पाठवणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल.

म्हणून फोन काढणाऱ्याच्या हातात आणि पाच-सहा फुटांवर. चेहरा लहान दिसतो म्हणून पुढे सरकायचं नाही, २एक्स (दुप्पट झूम) दाबायचं. फोन जुना असेल आणि २एक्सवर फोटो फाटतोय असं वाटलं तर १एक्सवरच काढा आणि नंतर कापा. अंतर तेवढंच ठेवा, चेहऱ्याचा आकार त्यावरच अवलंबून असतो.

फोनची उंची फोटोप्रमाणे बदलते आणि इथे बहुतेक सगळे चुकतात. फक्त चेहरा असेल तर फोन डोळ्यांच्या रेषेत किंवा बोटभर वर. कमरेपर्यंतचा असेल तर छातीच्या उंचीवर. पूर्ण उभ्या फोटोला काढणाऱ्याने खाली बसून फोन समोरच्याच्या कमरेएवढा धरायचा, मागे-पुढे न कलता, सरळ. उंच भावाने उभं राहून वरून काढला की बहिणीचे पाय आखूड आणि डोकं मोठं होतं. मग घरचे म्हणतात, हिची उंची फोटोत येतच नाही.

शेवटी उजेडाचं माप. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस तिथे बसेल. मग सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी दिसेल ती किंचित खाली ओढा. कपाळावरची चमक पांढरी न पडता कातडीच्याच रंगाची दिसली की थांबा. सावळ्या रंगाच्या माणसांसाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे. फोन आपण होऊन चेहरा उजळ करायला जातो आणि सगळी झळाळी घालवून राखाडी थर चढवतो. सावळ्या कातडीवर बाजूच्या खिडकीचा उजेड गालाच्या हाडावर जो सरकतो, तो गोऱ्या चेहऱ्यावर तसा कधी दिसत नाही. तो ठेवा.

तपासा: घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बसवून पाच फोटो काढा आणि शक्य असेल तर लॅपटॉपवर बघा. उजेड, भिंत, उंची इथपर्यंत जमलं तरच कपड्यांकडे वळा. तयार होऊन बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवून खिडकी शोधू नका, त्याचा चेहरा तिथेच उतरतो.

## ५. कपडे आणि मेकअप

नवीकोरी कडक सिल्कची साडी अंगावर तंबूसारखी उभी राहते. एकदा नेसून सोडलेली, इस्त्री केलेली साडी घ्या. निऱ्या बारीक आणि पिनअप केलेल्या, पदराच्या प्लेट्स खांद्यावर चापून बसलेल्या. पैठणी हवीच असेल तर पूर्ण उभ्या फोटोला नेसा, तिथे काठ-पदर दिसतात. जवळच्या फोटोत भरजरी साडी आणि मोठा हार असला की बघणारा दागिनेच बघतो. त्या फोटोला साधा काठ, लहान कानातलं, बारीक चेन.

रंग आरशात ठरवू नका. खिडकीत उभे राहून एकेक कपडा हनुवटीखाली धरा आणि फोनवर फोटो घ्या. कुठल्या रंगाने डोळ्यांखालचं काळं वाढलं, कुठल्याने कमी झालं, ते लगेच कळतं. पांढराशुभ्र शर्ट मात्र टाळा, त्यातला तपशील उडतो आणि चेहरा काळवंडतो. अगदी बारीक रेघा किंवा चौकड्याही नकोत. लहान स्क्रीनवर त्या थरथरतात.

मुलांसाठी तपासणी लांबलचक नाही, पण कुणी करत नाही: शर्टातून बनियनची रेघ दिसतेय का, खिशात पेन किंवा मोबाइल आहे का, कॉलरचं एक टोक वर आलंय का, बाह्या सारख्या दुमडल्यात का. शर्ट खांद्यावर बसणारा हवा. धाकट्या भावाचा ब्लेझर नको, तो लगेच ओळखू येतो.

मेकअप खिडकीतच करा, बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली नव्हे. फाउंडेशन मानेच्या रंगाशी जुळवा. एक छटा उजळ लावली की चेहरा मुखवट्यासारखा मानेपासून सुटा दिसतो. नाक आणि कपाळ तेलकट असेल तर टिपकागदाने टिपा, मुलांनीसुद्धा. झिंक किंवा टायटॅनियम असलेलं सनस्क्रीन लावून फ्लॅश मारला तर चेहरा पिठूळ पांढरा येतो. फ्लॅश न वापरण्याचं हे आणखी एक कारण.

तपासा, काढणाऱ्याने: टिकली मधोमध आहे ना? (नेसणारीला ती कायम मधोमधच वाटते.) दातांना लिपस्टिक नाही ना? ब्लाउजची किंवा आतली पट्टी बाहेर नाही ना? हातात रबरबँड नाही ना? आणि पूर्ण उभ्या फोटोत पायात घरातली स्लीपर नाही ना? हे शेवटचं तर मी इतक्या वेळा बघितलंय की आता पैठणी दिसली की नजर आधी खाली जाते.

## ६. अंग

सरळ समोर, दोन्ही पायांवर सारखा भार, हात खाली: ही शाळेतल्या ‘सावधान’ची उभं राहण्याची पद्धत. शरीर त्यात सगळ्यात रुंद दिसतं.

पायांपासून वर या. शरीर थोडं, पाव वळणाच्या निम्म्याने, बाजूला वळवा. भार मागच्या पायावर, पुढचा गुडघा सैल. कोपर अंगापासून दोन बोटं लांब. दंड अंगाला चेपला की पसरतो आणि जाड दिसतो. खांदे एकदा कानापर्यंत उचला, मागे फिरवून सोडून द्या. मग चेहरा कॅमेऱ्याकडे.

हातांचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. त्यांना काम द्या. एक हात पदराच्या टोकाला, किंवा खुर्चीच्या पाठीवर. मुलांनी अंगठा बाहेर ठेवून एक हात खिशात. दोन्ही हात पोटावर एकमेकांत अडकवून उभं राहणं म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा फोटो. मनगटापाशी किंवा बोटांवर फोटो कापू नका, आणि गुडघ्यावरही नाही. मांडीच्या मध्यावर कापला तर नीट दिसतो.

बसून काढायचा असेल तर स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. सोफा नको. सोफ्यात माणूस रुततो आणि पोट पुढे येतं.

हनुवटीसाठी एक विचित्र वाटणारी हालचाल आहे: कासवासारखी मान इंचभर पुढे काढा आणि मग हनुवटी किंचित खाली. समोरून ती दिसत नाही, पण हनुवटीखालची दुहेरी वळी ताणली जाऊन जबड्याची रेघ स्पष्ट येते. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. लाजून हनुवटी मागे ओढतात आणि नसलेली वळी तयार करतात.

सावध: हे सगळं एकदम सांगू नका. एका वेळी एक सूचना. चार सूचना ऐकल्या की माणसाचा पुतळा होतो.

## ७. चेहरा

आता चेहरा. वरचं जमलं असेल तर इथे फार काही उरत नाही.

“हसा” म्हटलं की ओठ ताणले जातात, डोळे तसेच राहतात. खऱ्या हसण्यात गाल वर येऊन डोळ्यांखाली बारीक सुरकुती पडते, आणि ती ठरवून आणणं फार थोड्या लोकांना जमतं. म्हणून “हसा” म्हणायचंच नाही. काढणाऱ्याने काहीतरी विचारायचं: शाळेत तुझं टोपणनाव काय होतं, मामाच्या लग्नात कोण चिखलात पडलं होतं. उत्तर संपतं तेव्हा चेहऱ्यावर जे उरतं, तो क्षण पकडायचा. हसू फुटतानाचा नव्हे, ओसरतानाचा.

डोळे मिटणाऱ्यांसाठी सोपा उपाय: आधी मुद्दाम मिटा, काढणारा तीन म्हणेल तेव्हा उघडा, लगेच क्लिक. श्वास सोडताना काढा. श्वास रोखला की मान ताठते आणि नाकपुड्या फुगतात.

नजर लेन्सकडे हवी, स्क्रीनकडे नाही. मागच्या कॅमेऱ्यांच्या गर्दीत नेमकं कुठे बघायचं कळत नसेल तर लेन्सशेजारी फोनवर एक टिकली चिकटवा. लेन्सवर नको, एवढं बघा.

चष्म्यात खिडकी चमकत असेल तर हनुवटी थोडी खाली, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर केसभर वर उचला. काच खाली कलते आणि चमक निघून जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर बाहेरचा फोटो नकोच.

दात झाकून हसणारे बरेच असतात. एखादा दात वाकडा आहे म्हणून ओठ मिटून बसलेली माणसं मला तरी फोटोत अवघडलेलीच दिसली आहेत. निदान दहा फोटो दात दिसतील असे काढा, ठरवा नंतर.

## ८. किती, आणि कुठल्या क्रमाने

पहिले वीस फोटो वाया जाणार असं धरूनच चला. ते माणसाला सैल करण्यासाठी असतात. आधी रोजच्या कपड्यांतला फोटो काढा, मग कमरेपर्यंतचा, आणि साडीतला पूर्ण उभा सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर साडीच्या धसक्यातच चेहरा आखडतो.

दर दहा-बारा फोटोंनंतर थांबून स्क्रीनवर बघा, पण फक्त काढणाऱ्याने. स्वतःचा फोटो बघितलेला माणूस पुढच्या प्रत्येक फोटोत तो दोष लपवत बसतो. तासाभरात संपवा. त्यानंतर उजेडही सरकतो आणि उत्साहही.

सकाळी उठल्या उठल्या काढू नका. रात्रभर आडवं झोपल्याने चेहरा आणि पापण्या सुजलेल्या असतात, दोनेक तासांत ते उतरतं.

## ९. निवड दुसऱ्याला करू द्या

आपण स्वतःला आयुष्यभर आरशात पाहतो, म्हणजे उलटं. भांग डावीकडचा उजवीकडे, तीळ या गालावरचा त्या गालावर. मागचा कॅमेरा आपल्याला जगाला दिसतो तसं दाखवतो, आणि म्हणून स्वतःचा चेहरा वाकडा वाटतो. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात माणसांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडली, त्यांच्या मैत्रिणींना मात्र खरी. तुम्हाला न आवडलेला फोटो खरंच वाईट असेलच असं नाही.

तेव्हा पन्नासातले आठ काढणाऱ्याने निवडावेत, त्यातले तीन दोन मित्र-मैत्रिणींनी. “सगळ्यात सुंदर कोणता” असं विचारू नका. “सगळ्यात माझ्यासारखा कोणता” असं विचारा, उत्तर बऱ्याचदा वेगळं येतं. तुमचा हक्क फक्त नकाराचा.

## १०. दुरुस्ती, हात आखडून

करायचं: फोटो तिरका असेल तर सरळ करा, रंग फार पिवळा किंवा निळा असेल तर कपड्यातला पांढरा भाग पांढरा दिसेपर्यंत बदला, कडा कापा. त्या आठवड्यात उठलेला फोड काढला तरी चालेल, तो पुढच्या आठवड्यात तसाही जाणार आहे.

करायचं नाही: तीळ, व्रण, सुरकुत्या काढणं, जबडा बारीक करणं, आणि गोरं करणं. स्टुडिओत अजूनही “दोन शेड उजळ करा” अशी मागणी येते, मी नाही म्हणतो. भेटीच्या दिवशी दार उघडणारी व्यक्ती आणि फोटोतली व्यक्ती एकच असावी लागते, आणि ती नसली की पहिल्या मिनिटाला समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते पुसायला कुठलं अ‍ॅप नाही.

कापताना जपून. फोनचा फोटो ४:३ मापाचा असतो, तर छापाचा ४×६ इंची कागद त्याहून लांबट. घट्ट कापलेला फोटो छापायला दिला की डोकं किंवा पावलं जातात. चारही बाजूंनी जागा ठेवलेली एक प्रत राखून ठेवा. ४×६ साठी निदान १२००×१८०० पिक्सेल असू द्या.

## ११. पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो. पुढच्याने तोच पुढे ढकलला, आणखी कुणी स्क्रीनशॉट काढला, की चौथ्या घरी पोचेपर्यंत चेहऱ्याची खिचडी होते. म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सावध: डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाइलीत फोटो कुठे काढला ती जागासुद्धा जाऊ शकते, म्हणजे थेट तुमच्या घराचा नकाशा. चौथ्या टप्प्यात लोकेशन बंद करायला सांगितलं ते यासाठी. विसरला असाल तर पाठवण्याआधी फोटोच्या तपशिलात जाऊन लोकेशन काढून टाका. फोटोवरच मोबाइल नंबर आणि पत्ता छापण्याची पद्धतही सोडा. स्थळांचे ग्रुप कुणाकुणाच्या फोनमध्ये असतात हे ग्रुप चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. पूर्ण उभा फोटो तर ग्रुपवर टाकूच नका, पत्रिका जुळून दोन्ही घरांचं बोलणं झालं की मगच द्या.

फाइलचं नाव ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे असं न ठेवता नाव आणि महिना-वर्ष असं ठेवा. चष्मा बदलला, दाढी काढली, केस कमरेवरून खांद्यावर आले, की जुना फोटो बायोडाटातून काढून नवा लावा. पुढच्या खेपेला निम्म्या वेळात होईल, खिडकी तर सापडलेली आहेच.